विनोदाची मागची बाजू

माझ्या संग्रहातले पहिले विनोदी पोस्टकार्ड मला पन्नास पेन्सना मिळाले, आणि ते इतके स्वस्त मिळण्याचे कारण असे, की विक्रेत्याच्या मते कोणीतरी त्याचे चित्र खराब करून ठेवले होते. लंडनमधल्या एका पोस्टकार्ड मेळाव्यात टेबलाखाली सरकवलेल्या खोक्यात ते पडून होते. चित्रात समुद्रकाठच्या भाड्याच्या खोलीतली रात्र आहे. एका पलंगावर सहा माणसे उलटसुलट झोपली आहेत, एकाचे पाय दुसऱ्याच्या तोंडाशी आले आहेत, सातवा माणूस कपाटाच्या उघड्या खणात पाय मुडपून पडला आहे, आणि दारात उभी असलेली गलेलठ्ठ घरमालकीण हातातली मेणबत्ती उंच धरून आणखी एका पाहुण्याला आत घेते आहे. खणातल्या माणसाच्या डोक्यावर कोणीतरी काळ्या शाईने ठसठशीत फुली मारली आहे. विक्रेत्याने सांगितलेली खराबी ती हीच.

कार्ड घरी आणून मी अल्बमच्या खाचेत बसवले आणि मागची बाजू वाचायची राहूनच गेली. काही आठवड्यांनी यादी करायला बसलो तेव्हा ते उलटले. पाठीवर सातव्या एडवर्डचे हिरवे अर्ध्या पेनीचे तिकीट, त्यावर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मोरकॅम गावाचा १० ऑगस्ट १९०८ चा शिक्का, ब्रॅडफर्डमधला एक पत्ता, आणि डाव्या अर्ध्या भागात त्याच काळ्या शाईत चार ओळी. सुखरूप पोहोचलो, वारा फार आहे, जेवण बरे आहे, आणि पलीकडे फुली मारली आहे ती जागा माझी, असा एकूण मजकूर. त्या काळी सुट्टीला गेलेली माणसे आपण उतरलो त्या हॉटेलच्या किंवा रस्त्याच्या छायाचित्राचे कार्ड घेत आणि आपल्या खोलीच्या खिडकीवर फुली मारून घरी धाडत. या गृहस्थाने त्या रिवाजाचीच थट्टा केली होती. चित्रकाराने सर्वांसाठी काढलेला विनोद त्याने एका फुलीने आपला करून टाकला, आणि शंभर वर्षांनी बाजाराने त्या फुलीपायी कार्डाची किंमत उतरवली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश विनोदी कार्डांकडे मी तेव्हापासून उलट्या बाजूने पाहू लागलो. संग्राहकांचा सर्वसाधारण कल चित्राकडे असतो, आणि त्यांच्या हिशेबात कोरे, टोके न दुमडलेले, कधीच टपालात न पडलेले कार्ड सगळ्यांत मोलाचे ठरते. मला ते पटत नाही. कोऱ्या कार्डावरून दुकानदाराने काय मांडले एवढेच कळते. ते विकत घेणाऱ्याने त्या विनोदाचे काय केले हे मात्र टपालातून गेलेले कार्डच सांगते.

विनोद आणि मजकूर यांच्या जागा अशा समोरासमोर कशा आल्या, हे टपालखात्याच्या नियमांवरून समजते. ब्रिटनमध्ये पहिले पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८७० रोजी निघाले, आणि ते सरकारी होते. त्याच्या एका बाजूला छापील तिकीट आणि पत्ता असे, दुसरी बाजू मजकुरासाठी मोकळी असे. खासगी प्रकाशकांना आपली कार्डे छापून त्यांवर तिकीट चिकटवू देण्याची मुभा १८९४ मध्ये मिळाली, आणि आज ओळखीचे असलेले साडेपाच बाय साडेतीन इंचांचे माप १८९९ मध्ये मान्य झाले. तरीही एक अडचण उरली होती. एक संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखून ठेवावी लागे, त्यामुळे चित्र आणि मजकूर दुसऱ्या बाजूला एकमेकांशी भांडत बसत. त्या वेळच्या कार्डांवर चित्र कोपऱ्यात आखडून बसलेले असते आणि उरलेल्या पांढऱ्या जागेत बारीक अक्षरांची दाटी असते. १९०२ मध्ये टपालखात्याने पत्त्याची बाजू मधोमध रेघ मारून विभागायला परवानगी दिली, आणि हे करणारा ब्रिटन हा पहिलाच देश होता. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, आणि चित्राला अख्खी एक बाजू मोकळी. विनोदी चित्रकारांना रंगमंच मिळाला तो या एका रेघेमुळे.

दर अर्धा पेनी, म्हणजे पत्राच्या निम्मा होता. मोठ्या शहरांत दिवसातून अनेकदा टपाल वाटले जात असल्यामुळे सकाळी टाकलेले कार्ड दुपारी पोहोचावे आणि संध्याकाळच्या भेटीची वेळ त्यावर ठरावी, हे अगदी नेहमीचे होते. एडवर्डच्या कारकिर्दीत, म्हणजे १९०१ ते १९१० या काळात, ब्रिटनच्या टपालातून सुमारे सहा अब्ज कार्डे गेली असे मानले जाते. लँकेस्टर विद्यापीठाच्या एका प्रकल्पात तर या काळातल्या हजारो कार्डांवरचे मजकूर उतरवून घेऊन त्यांची जनगणनेच्या नोंदींशी सांगड घालण्यात आली आहे. संशोधकही कार्ड उलटून पाहतात, हे कळल्यावर माझा हट्ट मला थोडा कमी विक्षिप्त वाटू लागला.

कार्डे काढणाऱ्यांची यादी मोठी आहे आणि ती इथे उतरवण्यात अर्थ नाही. लंडनची राफाएल टक अँड सन्स ही त्यांत सर्वांत भारदस्त. चित्रफलक आणि रंगपाटी हे तिचे चिन्ह, शिवाय राजघराण्याच्या आश्रयाचा उल्लेख. डंडीची व्हॅलेंटाइन, ग्लासगोची मिलर अँड लँग, टॉम ब्राउन यांची कार्डे काढणारी डेव्हिडसन ब्रदर्स, आणि यॉर्कशरमधल्या होमफर्थची बॅमफोर्थ ही बाकीची ठळक नावे. बॅमफोर्थ मुळात मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे दिव्याच्या उजेडात पडद्यावर चित्रे पाडणाऱ्या यंत्राच्या, काचपट्ट्या तयार करणारी कंपनी. पुढे पट्ट्यांसाठी रंगवलेले पडदे आणि वेशभूषा करून उभे राहणारे गावकरी यांच्याच बळावर तिने भावविवश गाण्यांची कार्डे काढली, आणि विनोदी कार्डांसाठी तिचे नाव झाले ते त्यानंतर. टक कंपनीची कागदपत्रे मात्र आज कोणालाच चाळता येत नाहीत. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री लंडनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात कंपनीची इमारत दप्तरासह जळाली. तिच्या कार्डांचा इतिहास कार्डांवरूनच रचावा लागतो.

चित्रकारांपैकी मला सर्वांत जवळचे वाटतात ते टॉम ब्राउन. १८७० मध्ये नॉटिंगहॅमला जन्मलेल्या या माणसाने १८९६ मध्ये एका स्वस्त विनोदी साप्ताहिकासाठी दोन आळशी भटक्यांची जोडी जन्माला घातली आणि तिच्या लोकप्रियतेने इंग्रजी चित्रमालिकेला वळण लावले. त्यांच्या कार्डांवरचे सायकलस्वार, पोलिस, गोल्फ खेळणारे जाडे गृहस्थ हे सगळे जाड, ठाम रेषेचे आहेत. आकृती कुठेही घुटमळत नाही. १९१० मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यामुळे शतकाच्या पहिल्या दशकाबरोबरच त्यांचे कामही मिटले, आणि संग्राहकाला एक चौकट आयतीच मिळाली.

डोनाल्ड मॅकगिल यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. १८७५ मध्ये जन्मलेल्या मॅकगिल यांनी शाळेत रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीमुळे एक पाऊल गमावले. पुढे ते जहाजांचे आराखडे काढण्याची नोकरी करीत होते. आजारी पुतण्याला खुलवण्यासाठी काढलेल्या एका चित्रकार्डावरून १९०४ मध्ये ते या धंद्याकडे वळले आणि १९६२ मध्ये मरेपर्यंत त्यांनी सुमारे बारा हजार चित्रे काढली. प्रत्येक चित्राचा ठरावीक मोबदला मिळे, खपावर हक्क नाही, त्यामुळे लाखोंनी विकल्या गेलेल्या कार्डांनी श्रीमंत झाले ते प्रकाशक. आपल्या चित्रांची त्यांनी स्वतःच सौम्य, मध्यम आणि जहाल अशी प्रतवारी केली होती, आणि जहाल प्रकार सर्वांत जास्त खपे. जुलै १९५४ मध्ये लिंकनच्या न्यायालयाने या एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धाला १८५७ च्या अश्लीलताविरोधी कायद्याखाली पन्नास पौंड दंड ठोठावला. चित्रांचे वर्ष आणि खटल्याचे वर्ष यांतला फरक मात्र नीट ध्यानात ठेवायला हवा. मॅकगिल म्हटले की डोळ्यांसमोर येणारी ती तंग पोशाखातली धष्टपुष्ट बाई आणि तिच्यापुढे आक्रसलेला नवरा हे मुख्यतः नंतरच्या दशकांतले आहेत. १९०६ मध्ये त्यांना पहिले मोठे यश मिळवून दिले ते रात्रीची प्रार्थना करणाऱ्या एका लहान मुलीने. मागून कुत्र्याचे पिल्लू तिचा झगा ओढते आहे, आणि ती देवाकडे क्षणभराची रजा मागते आहे.

मॅकगिल यांच्यावर जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४१ मध्ये निबंध लिहिला आणि या कार्डांना प्रथमच गंभीर वाचक मिळवून दिला. सासू, दारुडा नवरा, मधुचंद्र, घरमालकीण अशी विषयांची जी वर्गवारी त्यांनी केली, तीच अजूनही अल्बमांच्या मथळ्यांत दिसते. त्या निबंधाबद्दल मला आदर आहे. पण ऑर्वेल यांच्यासमोर होती ती दुकानात टांगलेली, विकायची कार्डे. त्यांची पाठ कोरी होती. त्यानंतर लिहिणाऱ्या बहुतेकांनी तीच वाट धरली आणि चित्रातल्या विषयांवरून समाजाच्या मनाचा अंदाज बांधला. सासूची थट्टा करणारे कार्ड चक्क सासूलाच पाठवले गेले असेल आणि तिने ते जपून ठेवले असेल, तर त्या विनोदाचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न चित्र पाहून पडत नाही.

विनोद आपलासा करून घेण्याची ही भूक प्रकाशकांना चांगली ठाऊक होती. स्कॉटलंडमधले मार्टिन अँडरसन हे ‘सिनिकस’ या नावाने चित्रे काढीत, आणि १९०२ मध्ये टेपोर्ट या गावी त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. शेवटच्या आगगाडीवर तुटून पडलेल्या गर्दीचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. डब्यांच्या टपावर माणसे, खिडक्यांतून लोंबकळणारे पाय, इंजिनाला मिठी मारून बसलेला कोणी. गावोगावच्या दुकानांसाठी त्याच चित्राखाली त्या त्या गावाचे नाव छापून मिळे. माझ्याकडे त्याच्या चार गावांच्या चार प्रती आहेत. भिंगाखाली पाहिले तर गावाच्या नावाची शाई आजूबाजूच्या शब्दांहून किंचित काळी दिसते, अक्षरांचा वळसा वेगळा असतो, आणि एका प्रतीत तर नाव सरळ ओळीत न बसता उजवीकडे चढत गेले आहे. गिऱ्हाइकाला वाटावे, चित्रकार आपल्याच स्टेशनावर येऊन बसला होता.

याच्या शेजारी मी मुद्दाम रेज कार्टर यांची कार्डे ठेवली आहेत. सफकच्या किनाऱ्यावरील साउथवोल्डचे हे चित्रकार, आणि तिथल्या अरुंद मार्गाच्या रेल्वेची त्यांनी केलेली थट्टा खरोखरच तिथली होती. तीन फूट रुंदीच्या त्या मार्गावर गाडीला ताशी सोळा मैलांहून जास्त वेगाची परवानगीच नव्हती. गाडीबरोबर चालत जाणारे प्रवासी, रुळांवर ठाण मांडून बसलेली गाय ही चित्रे त्या वेगमर्यादेचीच अतिशयोक्ती आहेत. १९२९ मध्ये ती रेल्वे बंद पडली, आणि कार्टर यांनी पुढे १९३८ मध्ये निघालेल्या ‘बीनो’ या मुलांच्या साप्ताहिकाच्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ काढले. उसन्या गावाचा विनोद आणि स्वतःच्या गावाचा विनोद यांतला फरक शिकायचा असेल तर ही दोन कार्डे शेजारी ठेवावीत.

कार्डाचा काळ ठरवणे हा या छंदातला सर्वांत आनंदाचा भाग आहे, आणि माझी सर्वांत मोठी फजितीही तिथेच झाली. ऑगस्ट १९१९ चा शिक्का असलेल्या एका कार्डावर पाचव्या जॉर्जचे एक पेनीचे लाल तिकीट होते, पण तिकिटासाठी छापलेल्या चौकोनात मात्र अर्धा पेनी असे लिहिले होते. पाठवणाऱ्याकडे सुटे नसावे, म्हणून त्याने दुप्पट तिकीट लावले, असा तर्क मी बांधला. एवढ्यावर न थांबता, चित्रातल्या बाईच्या प्रचंड टोपीवरून महायुद्धानंतरच्या फॅशनबद्दल मित्रमंडळींसमोर मी एक छोटेखानी व्याख्यानही झोडले. त्यांच्यातल्या एका जाणत्या संग्राहकाने कार्ड हातात घेतले, उलटले, आणि कडेला मुंगीएवढ्या अक्षरात छापलेल्या ओळीवर नख ठेवले. कार्ड सॅक्सनीत छापलेले होते. युद्धापूर्वी कितीतरी ब्रिटिश कार्डे जर्मनीतून छापून येत, कारण रंगीत शिळाछापाचे तिथले काम सरस आणि स्वस्त होते. ऑगस्ट १९१४ मध्ये ही वाट एका दिवसात बंद झाली. म्हणजे कार्ड निदान पाच वर्षे दुकानात पडून होते. आणि दुप्पट तिकिटाचे म्हणाल, तर ३ जून १९१८ पासून पोस्टकार्डाचा दरच एक पेनी झाला होता. पाठवणारा गोंधळलेला नव्हता, व्याख्याता गोंधळलेला होता.

त्या दिवसापासून शिक्क्याची तारीख मी केवळ अखेरची मर्यादा मानतो. कार्ड त्यानंतरचे नसते, त्याआधीचे कितीही जुने असू शकते. सुरुवातीची मर्यादा शोधायला दुसरे पुरावे लागतात. मालिकेचा क्रमांक, प्रकाशकाचा पत्ता, विभागलेली पाठ, मुद्रणस्थळ. काही कार्डांच्या कडेला लंडनच्या स्टेशनर्स हॉलमध्ये स्वामित्वहक्काची नोंद केल्याचा उल्लेख असतो, आणि तो दिसला की मी खूश होतो. १९११ चा स्वामित्वहक्क कायदा जुलै १९१२ मध्ये अमलात येईपर्यंत चित्रांची नोंद तिथे करावी लागे. त्या नोंदींचे अर्ज क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘कॉपी वन’ या मालिकेत ठेवलेले आहेत. त्यांवर हक्कदाराचे आणि चित्रकाराचे नाव-पत्ता असतो, आणि पुष्कळदा खुद्द चित्राची प्रत अर्जाला चिकटवलेली असते. सही नसलेल्या चित्राचा बाप असा कधी कधी सापडतो.

तारीख सापडली तरी विनोद सापडतोच असे नाही. शाईपेक्षा हसण्याचे कारण लवकर विटते. एका कार्डावर उंची पोशाखातली बाई जीभ बाहेर काढून लांबच लांब तिकिटांची माळ चाटते आहे आणि तिच्या मोलकरणी हाताची घडी घालून बघताहेत. हे चित्र मी बरेच दिवस टपालाच्या वेडावरची थट्टा समजत होतो. ती तिकिटे टपालाची नाहीतच. तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याप्रमाणे जुलै १९१२ पासून मालकाने नोकराच्या विमापत्रकावर दर आठवड्याला तिकिटे चिकटवणे सक्तीचे झाले. पुरुष कामगाराचे चार पेनी, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन, म्हणून चार पेनीत नऊ पेनी मिळतात असा प्रचार सरकार करीत होते. घरकाम करणाऱ्या बायकाही कायद्याच्या कक्षेत आल्यामुळे मोठ्या घरच्या मालकिणी चिडल्या. आम्ही मोलकरणींसाठी तिकिटे चाटत बसायचे काय, असा प्रश्न करीत नोव्हेंबर १९११ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी सभाही घेतली. एवढे कळल्यावर ती लांब जीभ एकदम बोलू लागते. १९०७ मधले डायबोलो या दोरीवर फिरवायच्या खेळण्याचे वेड, त्यानंतरची चाकांच्या स्केट्सची साथ, १९१० मधला हॅलेचा धूमकेतू, पाऊल टाकता येऊ नये इतके तंग झगे, यांवरच्या कार्डांचेही असेच आहे. त्या त्या महिन्याची वृत्तपत्रे चाळल्याशिवाय ती मुकी राहतात.

शब्दांवरच्या कोट्यांपुढे मात्र वृत्तपत्रेही हात टेकतात. मॅकगिल यांच्या सर्वांत खपलेल्या कार्डांपैकी एकात तरुण तरुणीला किपलिंग आवडतो का म्हणून विचारतो, आणि ती लाजून, आपण अजून कधी ‘किपल’ केलेले नाही असे सांगते. लेखकाच्या आडनावाचे क्रियापद झाले की इंग्रजीत काम फत्ते. मराठीत ते समजावून सांगता येते, पण समजावून सांगितलेल्या विनोदावर हसणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

संग्रहातला एक कप्पा मी पाहुण्यांना सहज उघडून दाखवत नाही. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांवरची कार्डे त्यात आहेत. दात पुढे आलेली, छत्री उगारलेली बाई, घरात रडणारे मूल, कपडे धुणारा केविलवाणा नवरा, आणि त्याहून वाईट म्हणजे बोलणाऱ्या स्त्रीची जीभ चिमट्यात पकडलेली. तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रियांना १९०९ पासून नळीने बळजबरीने अन्न दिले जात होते, हे ठाऊक असल्यावर तो चिमटा हसू देत नाही. प्रकाशक बहुधा कोणत्याच बाजूचे नव्हते, जे खपेल ते छापत होते. चळवळीनेही हेच हत्यार उचलले. १९०७ मध्ये स्थापन झालेली आर्टिस्ट्स सफ्रेज लीग आणि १९०९ मधली सफ्रेज अतेलिए यांनी काढलेली कार्डे रेखाटनात आणि नर्मविनोदात कितीतरी सरस आहेत, आणि दुर्मीळही. कृष्णवर्णीयांची विटंबना करणारी कार्डेही त्या काळात सर्रास विकली जात. ती मी जाळत नाही आणि भिंतीवरही लावत नाही. त्यांच्या पाठी वाचतो. या कप्प्यातल्या कित्येक कार्डांवर चित्राबद्दल अवाक्षर नाही, फक्त गाडीची वेळ, मावशीची तब्येत, कोंबडीची अंडी. त्या पाठी वाचून मला जास्त अस्वस्थ वाटते. विखार इतका अंगवळणी पडला होता, की त्याच्यावर अंड्यांचा हिशेब लिहिता येत असे.

कार्ड सांभाळण्याबद्दल दोन अनुभवाचे शब्द. जुन्या अल्बमच्या पानाला गोंदाने चिकटलेले एक कार्ड मी वाफेवर धरून सोडवले. सुटले छान, पण पाठीवरचा करड्या पेन्सिलीतला मजकूर माझ्या डोळ्यांदेखत जांभळा झाला आणि ओघळून गेला. ती साधी पेन्सिल नव्हती. त्या काळी प्रचारात असलेल्या नक्कल पेन्सिलीच्या शिशात ॲनिलीन रंग मिसळलेला असे आणि ओल लागताच तो फुटे. आता मी असे कार्ड पानासकट कापून ठेवतो. दुसरा अनुभव नकली मालाचा. एका विक्रेत्याने मूळ म्हणून धाडलेले कार्ड हातात घेताच कागद फार गुळगुळीत वाटला, म्हणून चित्राखालची छापील ओळ भिंगाखाली धरली. अक्षरे ठिपक्यांची बनलेली होती. मूळ कार्डात ओळ सलग शाईत छापलेली असते. सबंध कार्डाचे छायाचित्र घेऊन पुन्हा छापले की अक्षरेही चित्रासारखीच ठिपक्यांत मोडतात. पैसे परत मिळाले, माफी मिळाली नाही.

मोरकॅमच्या कार्डाचा पाठपुरावा मी बराच उशिरा केला. ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांना ऑगस्टमध्ये सुट्टी लागली की गावातली माणसे मोरकॅमला लोटत, इतकी की त्या किनाऱ्याला ‘समुद्रकाठचे ब्रॅडफर्ड’ असे टोपणनावच पडले होते. शिक्क्याचा महिना त्याच्याशी जुळत होता. पत्ता हातात होता, आणि १९११ ची जनगणना संग्राहकाला वरदान ठरावी अशी आहे, कारण कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले मूळ पत्रक जपून ठेवलेली ही पहिली ब्रिटिश जनगणना. घराचा क्रमांक टाकल्यावर पत्रक पडद्यावर आले. एक विधवा, तिचे तीन मुलगे, दोन मुली आणि एक भाचा. बहुतेक सगळे गिरणीत. पत्रक भरले होते थोरल्या मुलाने, आणि त्यातल्या ब्रॅडफर्ड या शब्दाच्या पहिल्या अक्षराला तीच पोटफुगी गाठ होती, जी माझ्या कार्डावरच्या पत्त्यात आहे. म्हणजे कार्ड त्याने सुट्टीवरून आईला पाठवले होते.

पत्रकाच्या तळाशी, सहीच्या जवळ, घरात खोल्या किती याचा रकाना आहे. स्वयंपाकघर खोलीत धरावे, मोरी, जिना, न्हाणीघर धरू नये, अशी बारीक अक्षरातली सूचना त्याला जोडलेली आहे. माणसे सात होती. खोल्यांच्या रकान्यात त्याने आधी काहीतरी लिहून खोडले होते, आणि बाजूला स्वच्छ अक्षरात तीनचा आकडा घातला होता.